दहा ते तेरा वयाच्या पोरांसाठी

वाडी, पो. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड
१२ जून २०२४

प्रति,
मा. ग्रंथपाल
(शाळेचं नाव पाकिटावर आहे), नाशिक

विषय : बालवाचनालयासाठी पुस्तकं सुचवण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येतं की, आमच्या गावात जनावरांच्या दवाखान्याची जुनी खोली रंगवून तिथं बालवाचनालय सुरू केलेलं आहे. समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी स्वतः परळीला जाऊन एकशे बारा पुस्तकं आणली. निवडताना पुठ्ठा मजबूत आणि पुस्तक जाड, एवढं बघितलं. त्यात थोरांची चरित्रं आहेत, सुविचार आहेत आणि गांडूळखतावरच्या चार प्रती आहेत.

उद्घाटनाचे पेढे संपेपर्यंत खोली भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सात पोरं आली. तिसऱ्या दिवशी दोन, तीही पंखा आहे म्हणून. आता कॅरमचं टेबल डुगडुगतं तर त्याच्या पायाखाली एक थोर पुरुष लावलेले आहेत.

तरी दहा ते तेरा वयाची पोरं आपण होऊन वाचतील अशा पुस्तकांची यादी मिळावी. आपण या कामातल्या जाणकार आहात असं ऐकून आहे.

आपल्या घरी या वयाचं कोणी असल्यास त्याला किंवा तिला काय आवडतं, हेही कळवावं. समितीला उपयोग होईल.

आपला,
धोंडीराम
अध्यक्ष, बालवाचनालय समिती

ता. क. पत्ता तू आईला पाठवलेल्या साडीच्या खोक्यावरून घेतला. तिला माहीत नाही. मी तुझा बाप आहे हे वर मुद्दाम लिहिलं नाही, नाहीतर तू एवढं वाचलं नसतंस. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही.


५ जुलै २०२४

चि. योगितास,

यादी मिळाली. छापील, शाळेचा शिक्का मारलेली, चौदा पुस्तकांची. पाकिटात बोटं घालून दोनदा चाचपलं, दुसरं काही नव्हतं. मग कागद उलटा केला तर मागं पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘आधी मुलांना विचारा.’ तुझी वेलांटी अजून तशीच आहे, छत्री उघडल्यासारखी. बारा वर्षांत तुझ्या हातचे मला आलेले हे तीन शब्द.

विचारलं. बारा पोरं सतरंजीवर बसवली आणि म्हणालो, बोला, तुम्हाला कसली पुस्तकं पाहिजेत? सगळी एका सुरात म्हणाली, “चांगली.” म्हाळू धनगराची नात केसर आहे, यंदा सातवीत गेली. ती उभी राहिली. “आप्पा, खरं सांगू, का तुमाला पायजे ते सांगू?”

खरं सांग म्हणालो.

“ज्यात लहान पोरगी हुशार आसती आन मोठी मानसं येडी आसत्यात, तसलं आना.”

मग बाकीच्यांना कंठ फुटला. “भुताचं आना. पर भूत खरंच भूत पायजे. शेवटाला चोर निघतो तसलं नको.” “कुत्रं आसलं तर ते मरू नये.” “पयल्याच पानावर कायतरी व्हावं.” आणि केसरनं माझ्याकडं बघत शेवटचं कलम घातलं, “वाचून झाल्यावर ‘यावरून काय शिकलात’ आसं कुनी इचारायचं न्हाई.”

इतकी सरळ ग्रामसभा मी दहा वर्षांच्या सरपंचकीत बघितली नाही.

तुझ्या चौदातली नऊ मिळाली. पोरांच्या हातात द्यायच्या आधी अध्यक्षानं तपासलेली बरी म्हणून एक घरी नेलं. गावच्या विहिरीचं पाणी कुठं जातं ते एक अकरा वर्षांची पोरगी शोधून काढते, त्याचं आहे. आणि चोर कोण निघावा? सरपंच! पोरांच्या पुस्तकात! लेखी हरकत घ्यायची म्हणून कागद-पेन घेऊन दुपारी दोनला वाचायला बसलो. तुझी आई म्हणाली, “आवं, च्या गार झाला की.” दुसराही गार झाला. पाचला पुस्तक संपलं. हरकत लिहायची राहिली. एकच सांगतो, तो सरपंच चोरीची मोटर जिथं लपवतो ती जागा अगदीच कच्ची आहे. लिहिणाऱ्यानं मला विचारलं असतं तर चांगली सांगितली असती.

तुझ्याकडं त्या वयाचं कोणी आहे का, ते तू कळवलं नाहीस. समिती वाट बघत आहे.

आप्पा


९ ऑगस्ट २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

दुसरी यादी पोचली. या वेळी मागची बाजू पेन्सिलीनं भरलेली आहे. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला छोट्या प्रकरणांचं द्या, हसवणारं आधी द्या, रडवणारं ओळख झाल्यावर. सगळं तसंच केलं. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, ‘मुलगी आहे. दहा वर्षांची. अंजू.’

तुला म्हणून सांगतो, नाव मला ठाऊक होतं. तुझी आई दर गुरुवारी फोन घेऊन गोठ्यामागं जाते आणि मी वैरण बघायच्या निमित्तानं अलीकडं उभा राहतो. तिला वाटतं मला काही कळत नाही. पण तू लिहून कळवलंस, ही गोष्ट निराळी.

इकडची हकीकत अशी. विहिरीच्या पुस्तकाचे तीन तुकडे झालेत. मी ओरडणार होतो, तर कळलं की एकाच वेळी तिघं वाचतायत. एकाकडं सुरुवात, एकाकडं मधलं, एकाकडं शेवट. मधलं वाचणाऱ्याला सगळं माहीत असतं, पण ‘कावून’, म्हणजे का झालं, ते माहीत नसतं, म्हणून तो दोघांच्या मागं फिरत असतो. भुताच्या पुस्तकाला नंबर लागलेत. पंडितचा पोरगा लखन शाळेत एक ओळ धड वाचत नव्हता. त्याला चित्रांचं, फुग्यात बोलणं असतं तसलं दिलं. आता तो फुगे मोठ्यानं वाचतो, आणि प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा काढतो. त्यातल्या दुष्ट सावकाराला माझा आवाज दिलाय. मी ऐकलं नाही असं दाखवतो.

एक वाईट घडलं. केसर मेंढरांमागं जाताना पुस्तक ओढणीत बांधून न्यायची. गेल्या रविवारी बाभळीखाली वाचत बसली आणि मेंढरं सोयाबीनमध्ये शिरली. सोयाबीन माझंच. पीक खाल्लं त्याचं मी काही बोललो नाही, पण म्हाळू स्वतः आला. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “आप्पा, ही घ्या तुमची वस्तू. पोरगी आता येनार न्हाई.” चार दिवस झाले, ती आलेली नाही. तिच्याशिवाय पोरं सतरंजीवर बसतात पण भांडत नाहीत, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

म्हाळू आणखीही काही बोलला. ते लिहिण्यासारखं नाही.

आप्पा


२१ ऑगस्ट २०२४

चि. योगितास,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितो आहे. उत्तर आल्यावर लिहीन म्हणालो तर पुन्हा टाळीन.

म्हाळू काय बोलला ते असं, “आप्पा, तुमीच पारावर बसून म्हनलतात, पुस्तकं वाचू-वाचू आमची योगिता हातची गेली. मंग माझी कावून घालवता?”

मी म्हणालो होतो. एकदा नाही, कितीदा तरी.

आता पेटीचं. तू बारावीच्या सुट्टीत मामाकडं गेलतीस. अंबाजोगाईची माणसं तुला बघायला येणार होती आणि तू जाताना आईला सांगून गेलीस, मला पुढं शिकायचंय, त्यांना येऊ नका म्हणावं. मला राग आला. तू समोर नव्हतीस, तुझी पुस्तकांची पेटी समोर होती. बक्षिसाची, मैत्रिणींशी अदलाबदल केलेली, कव्हरं घालून नंबर टाकलेली सगळी पुस्तकं त्यात होती. ती पेटी मी रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढवली. तू आल्यावर सांगितलं, पेटीला वाळवी लागली, सगळी पेटीच जाळावी लागली. तू माझ्याकडं बघितलंस आणि माडीवर निघून गेलीस.

वाळवी लागली नव्हती, योगिता.

पुढं तू शिकलीस, लग्न ठरवलंस, आणि ताप आहे म्हणून मी लग्नाला आलो नाही. तापही नव्हता. त्या दिवशी मी दिवसभर उसाला पाणी देत बसलो. उसाला पाणी आदल्याच दिवशी दिलेलं होतं.

एवढं सगळं मी केलं आणि नाव पुस्तकांचं घेतलं.

रविवारी सकाळी माळावर म्हाळूकडं गेलो. केसर, तिची आजी, सगळी होती. सगळ्यांच्या देखत म्हणालो, “म्हाळू, पारावर बोललो ते खोटं होतं. पोरगी पुस्तकानं गेली न्हाई. माझ्यापायी गेली.”

म्हाळूनं तंबाखू मळली. मळायला लई वेळ लावला. मग म्हणाला, “आसंल. पर मेंढरं तर पुस्तकापायीच गेली ना?”

मी पिशवीतून पुस्तक काढून केसरच्या हातात दिलं, तुझ्या यादीतलंच, मेंढपाळाचं पोरगं कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जातं ते. म्हणालो, आजोबाला वाचून दाखव. म्हाळू म्हणाला, “वाच. बगू तरी काय हाय एवढं त्येच्यात.”

दुसऱ्याच पानावर त्यानं हात वर केला. “थांब. मेंढरू एकटंच नदीत उतरलं? ह्या लिवनारानं मेंढरू बगितलंय का? आदी म्होरकं उतरतंय, मंग बाकीची.”

केसर म्हणाली, “चुकलंय तर ठिवू का बंद करून?”

“बंद कशाला? वाच. आनखी कुठं चुकलंय ते कळाय नको का?”

दुपार कलेपर्यंत तिनं वाचलं. म्हाळूनं अकरा चुका काढल्या. शेवटी पोरगं आणि त्याचं म्होरकं परत भेटतात तिथं त्यानं नाक पुसलं आणि तंबाखूचा ठसका लागला म्हणाला. मग ठरलं असं की केसरनं शाळेआधी दोन तास वाचनालयात यायचं, आणि शाळा सुटल्यावर माळावर मोठ्यानं वाचायचं, मेंढरांवर नजर म्हाळूनं ठेवायची. अट एकच, पुढच्या पुस्तकात मेंढरं नकोत. त्याला आता पाणबुडीचं ऐकायचंय.

हे वाचून तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. याद्या मात्र पाठवत जा.

आप्पा


३० सप्टेंबर २०२४

चि. अंजूस आजोबाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे. आईला वाचू देऊ नको, म्हणजे ती नक्की वाचेल.

मधे महिना झाला तरी तुमच्याकडून काहीच आलं नव्हतं. मी रोज नांदूरघाटला पोस्टात जायचो आणि घरी सांगायचो की औषध आणायला गेलतो. घरात औषध साचलं. शेवटी परवा तुझं पुस्तकांचं खोकं आलं. मी ते वाचनालयात न नेता घरीच उघडलं, त्याबद्दल समितीनं माझी खरडपट्टी काढली. समिती म्हणजे केसर. तिला मी सचिव केलंय.

तू लिहितेस, ‘आजोबा, आईची यादी चांगली आहे, पण ती मोठ्या माणसानं केलेली आहे. ही माझी.’ आणि प्रत्येक नावापुढं तारे. चार तारे म्हणजे जेवताना वाचायचं, पाच तारे म्हणजे जेवायचंच नाही. ही पद्धत आम्ही लगेच उचलली. तुझा दुसरा नियम मला स्वतःला लई उपयोगी पडला : वीस पानं वाचून कंटाळा आला तर पुस्तक सोडायचं, परवानगी आहे. मी सुविचारांचा मोठा ग्रंथ सोडला. कसं हलकं वाटलं म्हणून सांगू! मला कुणी इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं की सोडलं तर चालतं.

तुझ्या पहिल्या नंबरच्या पुस्तकाबद्दल केसरचं म्हणणं वेगळं आहे. तिचं पत्र सोबत जोडलंय. त्यातलं, पुस्तकातली पोरगी ‘उगंच रडती’, हे वाक्य मी खोडायला सांगितलं होतं, तिनं खाडाखोड करून ‘लई उगंच रडती’ केलं.

तुझ्या आईची चिठ्ठी खोक्याच्या तळाशी होती. एकच ओळ : ‘पेटी पत्र्याची होती, आप्पा.’

तुला याचा अर्थ कळायचा नाही. अर्थ असा की मी तुझ्या आईशी एकदा खोटं बोललो होतो, आणि तिला ते त्याच दिवसापासून माहीत होतं. वाळवीनं पुस्तकं खाल्ली असतील, पण पत्र्याची पेटी जळून राख कशी होईल? मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हसायला लागलो. थांबवता येईना. तुझी आजी पिठाच्या हातानं धावत आली, तिला चिठ्ठी दाखवली, सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “आन ह्यो मानूस दहा वर्षं सरपंच होता!”

दिवाळीच्या सुट्टीत या. आईला विचार. बाबालाही विचार. त्याचं नाव सुरज आहे, ते मी आजपर्यंत कुठं लिहिलेलं नव्हतं. आज लिहिलं, आणि त्यात काही अवघड नव्हतं.

तुझा,
आजोबा


गंगाखेड, बसस्टँड
९ नोव्हेंबर २०२४, दुपार

चि. योगितास,

तुमची गाडी आता परभणीच्या आसपास असेल. माझी परळीची बस लागायला अजून वेळ आहे. चहावाल्याकडून वहीची दोन पानं मागून घेतली आणि लिहायला बसलो. तुझ्या आईला फोन केला. ती परळीच्या फलाटावर बाकावर बसून आहे. म्हणाली, “लवकर या, न्हाईतर मीबी फुडच्या गाडीत बसून जाते.”

आठ दिवस घरात होतीस, पण बोलायचं ते बोलता आलं नाही. सारखं कोणीतरी दारात. ‘ताई, ह्येच्यासारखंच दुसरं हाय का?’ ‘ताई, ह्येचा दुसरा भाग कधी येनार?’ पहिल्या दिवशी चहा न घेता तू वाचनालयात गेलीस, कपाटाचं कुलूप काढून माझ्या खिशात घातलंस आणि म्हणालीस, “आप्पा, हे घरी न्या.” मला राग आला होता. आवाजही चढला होता. तू या वेळी निघून गेली नाहीस, उलट तुझाही चढला, आणि खिडकीतून वीस पोरं ऐकत होती. शेवटी कपाट उघडंच राहिलं. संध्याकाळी मोजली तर तीन पुस्तकं गेली होती आणि दुसऱ्या दिवशी पाच परत आली. दोन कुणाची आहेत ते अजून कळलेलं नाही.

सुरजरावांशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, त्यांनाही नाही. दोघं दोन दिवस हवेवर बोललो. मग त्यांनी ते भुताचं पुस्तक वाचलं आणि म्हणाले, भूत खरं नव्हतं, ते त्या पोराच्या मनात होतं. मी म्हणालो, मनात असतं तर दाराची कडी कुणी काढली? त्यावर आम्ही जेवण विसरून भांडलो. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होतीस, मला दिसलं. माणूस चांगला आहे. भुताबद्दल त्यांचं चुकतं.

अंजू आणि केसर दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या रडणाऱ्या पोरीवरून. तिसऱ्या दिवशी बघितलं तर एकाच पुस्तकावर दोघी पालथ्या, आणि एक पान उलटायला दुसरीची वाट बघतेय. कोण जिंकलं ते दोघी सांगत नाहीत.

आता जे राहिलं ते. परवा तू पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलंस. मी आत आलो नाही, बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. तू वाघिणीच्या पिल्लाचा आवाज काढलास, सगळी पोरं हसली, मग एकदम शांत झाली. तुझा आवाज मला ओळखू आला नाही. तू तेरा वर्षांची असताना घरात रोज वाचायचीस, माडीवर, हळू आवाजात. मी खालून ओरडायचो, काय पुटपुटतेस. एकदाही जिना चढून ऐकायला आलो नाही. परवा कट्ट्यावर ऐकलं. लई चांगलं वाचतेस, योगिता. पेटीबद्दल मी तोंडानं माफी मागितली नव्हती, ती इथं लिहून मागतो. त्या पुस्तकांवर तू नंबर टाकले होतेस. मला ते आठवतात.

गाडीचं म्हणशील तर माझा काही विचार नव्हता. बॅगा ठेवायला डब्यात चढलो. अंजू म्हणाली, “आजोबा, एक पान ऐका, मग उतरा.” ते पान संपलं तिथं पोरगी बोगद्यात अडकलेली. अशा ठिकाणी कोण उतरतं? शिट्टी झाली. तू ओरडलीस, “आप्पा, उतरा!” अंजू म्हणाली, “थांब ना आई, पाचच पानं राहिलीत.” गाडी हलली. फलाटावर तुझी आई मूठ दाखवत छोटी होत गेली. आणि समोर सुरजराव पोट धरून हसत होते.

पोरगी बोगद्यातून सुटली तेव्हा गंगाखेड आलं होतं. मी उतरलो. तू खिडकीशी आलीस, आधी रागावलीस, मग हसलीस, आणि आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणालीस, “आप्पा, फुडच्या बारीला तिकीट काढून बसा. नाशिकपतोर.”

मी उत्तर दिलं होतं. पण तेवढ्यात इंजिनानं भोंगा वाजवला, तू कानाशी हात नेऊन “काय?” म्हणालीस आणि गाडी निघाली. म्हणून हे पत्र. घरी जाऊन लिहीपर्यंत थांबवेना.

मी म्हणालो होतो, येतो.

आप्पा